स्वीडनमध्ये पोस्टडॉक : सोलापुरातून अर्ज करणाऱ्याने सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : पातळ थर, सोलापूर

सर्वांना नमस्कार. मी सोलापूरची रहिवासी असून जुलै २०२२ मध्ये सोलापूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केली. स्प्रे पायरोलिसिस (तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारण्याच्या) पद्धतीने काचेवर झिंक ऑक्साईडचे पातळ थर बसवणे आणि त्या थरांच्या साहाय्याने, सूर्यप्रकाशात, पाण्यातील कापडरंगांचे विघटन घडवून आणणे हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांतून रंगीत सांडपाण्याचे नमुने मिळत गेले, त्यामुळे माझे प्रयोग बाटलीतल्या मिथिलीन ब्लू या रंगावर थांबले नाहीत, खऱ्या सांडपाण्यावरही झाले. सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. शिकवणे मला मनापासून आवडते, परंतु प्रयोगशाळेपासून दूर राहून आणखी काही वर्षे गेली तर संशोधनाकडे परतण्याची वाट कायमची बंद होईल, ही धास्ती जात नाही.

पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनपदासाठी, स्वीडनचा विचार करण्याचे कारण असे की, माझ्या विषयातील मी वाचलेले बरेचसे चांगले काम उप्साला, लिनशोपिंग आणि चाल्मर्स या तेथील विद्यापीठांतले आहे. तेथील अनेक प्राध्यापकांना मी ई-मेल पाठवले. बहुतेकांकडून उत्तर आले नाही; ज्यांचे आले त्यांनी ‘आमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील जाहिराती पाहत राहा’ एवढेच कळवले. हा नकार समजावा की खरोखरच तसे करणे अपेक्षित आहे, हे मला उमगत नाही. दुसरे असे की, पीएच.डी. मिळून तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, अशी अट जवळपास प्रत्येक जाहिरातीत दिसते, आणि माझी तीन वर्षे नुकतीच उलटली आहेत. २०२३ मध्ये मुलगी झाली, त्या काळात माझे काम जवळजवळ वर्षभर थांबले होते. त्याचा काही विचार होतो का? तिसरी गोष्ट, काही ठिकाणी पगार, तर काही ठिकाणी शिष्यवृत्ती असा उल्लेख असतो. या दोन्हींत व्यवहारात काय फरक पडतो? माझे यजमान येथील एका टॉवेल कारखान्यात पर्यवेक्षक आहेत, त्यामुळे निर्णय माझ्या एकटीचा नाही.

एका खासगी सल्लागाराने ‘हमखास पोस्टडॉक’ मिळवून देण्यासाठी मोठी रक्कम मागितली आहे. त्या मार्गाने जाण्याची इच्छा नाही, म्हणून येथे विचारते आहे.

उत्तर : होटगी रोड, सध्या उप्साला

नमस्कार ताई. त्या सल्लागाराला एक रुपयाही देऊ नका. स्वीडनमधील कोणतेही विद्यापीठ नोकरीच्या अर्जासाठी शुल्क घेत नाही, आणि तेथील पद ‘हमखास’ मिळवून देणे कोणाच्याही हाती नाही. ते का नाही, हे कळले की आपल्या ई-मेलना उत्तरे का येत नाहीत हेही कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चाल्मर्ससारखे काही अपवाद वगळता स्वीडनमधील विद्यापीठे ही शासकीय संस्था आहेत, आणि शासकीय नेमणूक गुणवत्ता व क्षमता या वस्तुनिष्ठ निकषांवरच व्हावी, असे त्या देशाच्या राज्यघटनेत नमूद आहे. त्यामुळे एखाद्या प्राध्यापकाला आपले काम कितीही पसंत पडले, तरी पगारी पोस्टडॉकचे पद जाहिरात न देता आपल्याला देणे त्याला सहसा शक्य नसते. ‘जाहिराती पाहत राहा’ हे उत्तर म्हणूनच नकार नाही. त्याने आपल्याला खरा मार्ग सांगितला आहे. जाहिराती प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येतात, शिवाय युरोपीय आयोगाच्या युरॅक्सेस या संशोधकांसाठीच्या संकेतस्थळावरही बऱ्याच सापडतात. अर्जाची मुदत बहुधा तीन-चार आठवड्यांचीच असते, म्हणून उप्साला, लुंड, लिनशोपिंग, चाल्मर्स, स्टॉकहोमचे केटीएच हे तंत्रविद्यापीठ, उमिओ आणि लुलिओ या सात ठिकाणांची पाने आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. लुंडकडे विशेष लक्ष असू द्यावे, कारण २०१६ मध्ये उद्घाटन झालेला मॅक्स फोर हा सिंक्रोट्रॉन (पदार्थांच्या अभ्यासासाठी तीव्र क्ष-किरण निर्माण करणारे यंत्र) तेथे आहे, आणि पातळ थरांच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणाऱ्याला त्याच्याभोवतीच्या गटांत काम मिळण्याची शक्यता असते. वॉलेनबर्ग प्रतिष्ठानाच्या पैशांवर २०२२ मध्ये सुरू झालेला ‘वाइज’ नावाचा मोठा कार्यक्रमही शाश्वत विकासासाठीच्या पदार्थांवरच आहे. त्यातून निघणारी पोस्टडॉकची पदे आपल्या विषयाच्या अगदी जवळची असतात.

आता जाहिरात कशी वाचावी याविषयी, कारण माझ्या मते सर्वाधिक अर्ज येथेच गळतात. स्वीडिश जाहिरातीत पात्रतेचे दोन भाग वेगळे दिलेले असतात. पहिल्या भागात ज्याशिवाय अर्जाचा विचारच होणार नाही अशा आवश्यक अटी असतात, आणि दुसऱ्या भागात असल्यास फायदा देणाऱ्या बाबी असतात. निवड करणाऱ्यांना आपला निर्णय या लिखित निकषांवर समर्थनीय ठरवावा लागतो, म्हणून ते अर्ज वाचताना प्रत्येक अटीपुढे पुरावा शोधतात. समजा, जाहिरातीत ‘पातळ थर तयार करण्याचा प्रत्यक्ष अनुभव’ असे म्हटले आहे. आपल्याकडील बहुतेक अर्जांत यावर ‘मला स्प्रे पायरोलिसिसचे ज्ञान आहे’ एवढेच लिहिलेले आढळते. सोलापुरात पीएच.डी. करणाऱ्यांची साधने कशी असतात हे मी जवळून पाहिले आहे. तेथे तयार यंत्र विकत येत नाही, नोझल, तापपट्टी, थर्मोकपल आणि कॉम्प्रेसर जमवून ती जुळणी विद्यार्थी स्वतः उभी करतो. आपणही तसेच केले असेल, तर ते अर्जाच्या पहिल्या पानावर आले पाहिजे : काचेचे तापमान किती अंशांवर स्थिर ठेवता आले, फवाऱ्याचा वेग कसा नियंत्रित केला, थराची जाडी कशाने मोजली, एकच नमुना पुन्हा तयार केला तेव्हा गुणधर्मांत किती फरक पडला. सर्व काही तयार मिळालेल्या उमेदवाराला हे लिहिता येत नाही. खऱ्या सांडपाण्यावर केलेले प्रयोगही असेच ठळकपणे मांडावेत, कारण शुद्ध रंगद्रव्यावर चालणारा उत्प्रेरक क्षार आणि साबण मिसळलेल्या पाण्यात बहुधा मंदावतो, आणि आपण ते मोजले आहे.

आणखी एक बाब सांगून ठेवतो. स्वीडनमध्ये सरकारी कागदपत्रे जनतेला खुली ठेवण्याचा कायदा १७६६ पासून आहे आणि विद्यापीठाकडे आलेला नोकरीचा अर्जही त्याच कक्षेत येतो, म्हणजे मागणी केल्यास तो इतर कोणालाही पाहता येऊ शकतो. अर्जात आधार क्रमांक, जात प्रमाणपत्र, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती असे जाहिरातीने न मागितलेले काहीही जोडू नये.

उत्तर : निवृत्त मार्गदर्शक, जुळे सोलापूर

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे. अनेक वर्षे पीएच.डी.चे मार्गदर्शन केले असल्यामुळे आपल्या बाजूच्या तयारीविषयी थोडे लिहितो.

पहिली गोष्ट संदर्भ देणाऱ्या व्यक्तींची. तेथे छापील शिफारसपत्राला फारसे वजन नसते; मुलाखतीनंतर, अगदी शेवटच्या टप्प्यावर, निवड करणारे स्वतः दूरध्वनी किंवा ई-मेल करून विचारणा करतात. आपल्या गाईडला याची पूर्वकल्पना नसेल तर तो ई-मेल अनोळखी म्हणून दुर्लक्षित राहतो आणि हातचे पद जाते. म्हणून गाईडना प्रत्यक्ष भेटून जाहिरातीची प्रत द्यावी, त्यात आपल्या कोणत्या कामाचा संबंध येतो ते सांगावे, आणि त्यांचा विद्यापीठाचा अधिकृत ई-मेल पत्ता चालू आहे याची खात्री करावी. दुसरी व्यक्ती शक्यतो सोलापूरबाहेरची असावी. ज्यांच्याकडे आपण नमुन्यांच्या मोजण्या करून घेतल्या किंवा ज्यांच्यासोबत शोधनिबंध लिहिला, असे कोणी.

दुसरी गोष्ट शोधनिबंधांची. पैसे भरले की आठवड्याभरात छापून देणाऱ्या नियतकालिकांतील लेख यादीत असतील, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की ते वगळावेत. चार चांगले निबंध आणि त्या प्रत्येकातील आपला स्वतःचा वाटा सांगणारी दोन वाक्ये, ही यादी वीस निबंधांच्या यादीहून अधिक विश्वास निर्माण करते. आपल्याकडे पदोन्नतीच्या गुणांसाठी संख्येची सवय लागली आहे, परंतु बाहेरचा परीक्षक त्या संख्येकडे संशयानेच पाहतो.

पदवीच्या कागदांचेही आताच पाहून घ्यावे. पीएच.डी.ची अधिसूचना, तात्पुरते प्रमाणपत्र आणि पदवीदान समारंभातील मूळ पदवी यांवर तीन वेगवेगळ्या तारखा असतात. कोणत्या तारखेला आपण पदवीसाठी पात्र ठरलात हे ज्यातून स्पष्ट होते, तो कागद अर्जाला जोडावा, आणि सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग पारपत्राप्रमाणेच आहे ना, हे तपासावे. लग्नानंतर नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत जवळ ठेवावी.

पातळ थर, सोलापूर

आपणा दोघांचेही मनापासून आभार. जुळणी मी स्वतःच उभी केली होती. ती पहिल्या पानावर लिहिण्यासारखी गोष्ट आहे हे मला कधी सुचलेच नसते. सरांनी सांगितल्याप्रमाणे गाईडना या आठवड्यात भेटते.

तीन वर्षांच्या अटीविषयी मात्र अजून मन साशंक आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना प्रसूती रजा मिळत नाही. त्या वर्षी मला नेमणुकीचा आदेशच नव्हता. रजेचा कागदच नसताना ती खंडित मुदत कशी दाखवावी? शिवाय एका प्राध्यापकांनी कळवले आहे की, पगारी पद नसले तरी एखाद्या प्रतिष्ठानाकडे शिष्यवृत्तीसाठी प्रयत्न करता येईल. त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर : नॉरशोपिंगहून

ताई, मी आधी दोन वर्षे शिष्यवृत्तीवर आणि नंतर पगारी पदावर काम केले आहे, तेव्हा दोन्ही बाजू सांगू शकते. माझे माहेर बार्शीचे, आणि आता राहते ते नॉरशोपिंग हेही एके काळी कापडगिरण्यांचेच गाव होते. त्या जुन्या गिरण्यांच्या इमारतींत आता लिनशोपिंग विद्यापीठाचा परिसर आहे.

तीन वर्षांची अट स्वीडनमधील शासकीय नियोक्ते आणि कर्मचारी संघटना यांच्यातील करारातून आलेली आहे. २०२२ पासून लागू असलेल्या या करारानुसार पोस्टडॉकची नेमणूक किमान दोन आणि कमाल तीन वर्षांची असते, अध्यापनाचा भार एकूण वेळेच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नसतो, आणि अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वी तीन वर्षांच्या आत पीएच.डी. मिळालेल्यांचा विचार प्राधान्याने करावा असे म्हटले आहे. ‘प्राधान्याने’ हा शब्द ध्यानात घ्या; आजारपण, बाळंतपण किंवा मुलाचे संगोपन यांसारख्या कारणांसाठी या मुदतीत सूट देण्याची तरतूद त्यातच आहे. आपली मुदत येत्या नोव्हेंबरच्या अंतिम तारखेला धरली तर तीन वर्षे चार महिने होते. संगोपनाचे जवळजवळ वर्ष त्यातून वजा केले, की आपण आरामात आत बसता.

रजेचा आदेश नसला तरी काळजीचे कारण नाही. महानगरपालिकेचा जन्मदाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतो, तो जोडावा. आणि आधीच्या व नंतरच्या शैक्षणिक वर्षांचे तासिकांचे आदेश जोडावेत, म्हणजे मधले रिकामे वर्ष आपोआप दिसते. अर्जपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत मुलीच्या संगोपनासाठी संशोधन थांबले होते, हे एका सरळ वाक्यात लिहावे. त्यासाठी क्षमायाचनेचा सूर लावू नये. तेथे वडीलही कित्येक महिने पालकत्वाच्या रजेवर जातात, आणि अशा खंडाकडे कोणी उणेपणा म्हणून पाहत नाही.

आता शिष्यवृत्तीविषयी. कार्ल ट्रिग्गर प्रतिष्ठान किंवा उत्तरेकडील विद्यापीठांसाठीचे केम्पे प्रतिष्ठान यांच्याकडे अर्ज आपण करायचा नसतो, यजमान प्राध्यापक, म्हणजे ज्यांच्या गटात आपण काम करणार ते, करतात. त्यामुळे त्या प्राध्यापकांनी स्वतःहून ही गोष्ट काढली असेल तर त्यांना आपल्या कामात खरा रस आहे, असे समजावे. शिष्यवृत्तीवर कर नसतो, म्हणून हातात येणारी रक्कम पाहिली की फरक फारसा जाणवत नाही. फरक अडचणीच्या वेळी कळतो. शिष्यवृत्तीधारक हा नोकर नसल्यामुळे त्याला आजारपणातील वेतन, उत्पन्नावर आधारित पालकत्व भत्ता आणि निवृत्तिवेतनातील हिस्सा मिळत नाही. पगारी पदावर ढोबळमानाने महिना ३५,००० ते ४०,००० स्वीडिश क्रोनर मिळतात आणि त्यातून पाव भागाच्या आसपास कर जातो, परंतु हे सगळे संरक्षण त्याच्यासोबत येते. लहान मूल असलेल्या घरासाठी माझे मत पगारी पदाच्याच बाजूने आहे. तरीही दार बंद करू नये : शिष्यवृत्तीची मुदत किती, विमा कोण काढणार, आणि पुढे त्याच गटात पगारी पदाची जाहिरात निघण्याची शक्यता आहे का, हे तीन प्रश्न त्यांना निःसंकोच विचारावेत.

तिसरा मार्गही आहे, आणि आपल्यासाठी तो मला फार महत्त्वाचा वाटतो. युरोपीय आयोगाच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएच.डी.नंतरची मर्यादा आठ वर्षांची आहे आणि त्यातही संगोपनाचा काळ वजा होतो. अर्ज यजमान प्राध्यापकासोबत लिहायचा असतो, मुदत साधारणपणे सप्टेंबरमध्ये संपते, आणि मिळाल्यास विद्यापीठाची रीतसर नोकरी मिळते. स्पर्धा तीव्र आहे. २०२५ च्या फेरीत १७,००० हून अधिक अर्ज आले. परंतु रंगीत सांडपाण्याचा विषय युरोपला जवळचा आहे, आणि आपल्यापाशी कारखान्यातून आणलेल्या नमुन्यांवरची मोजमापे आहेत. स्वीडिश रिसर्च कौन्सिलच्या ‘इंटरनॅशनल पोस्टडॉक’ अनुदानाच्या मागे मात्र वेळ घालवू नये. ते स्वीडनमध्ये पीएच.डी. केलेल्यांना परदेशी पाठवण्यासाठी आहे.

घरच्यांविषयी थोडक्यात. नेमणूक झाली की विद्यापीठ संशोधकासाठीचा यजमान-करार देते, त्याच्या आधारे निवास परवान्याचा अर्ज भारतातूनच ऑनलाइन करायचा, आणि त्याच वेळी पती व मुलीचाही अर्ज करता येतो. जोडीदाराला नोकरी करण्याची मुभा असते. किमान एक वर्ष राहणार असलात की करखात्याकडे नोंदणी होऊन व्यक्ती क्रमांक मिळतो, आणि त्यानंतर दवाखाना, बँक, बालवाडी ही सर्व कामे मार्गी लागतात. बालवाडी वयाच्या पहिल्या वर्षापासून मिळते आणि तिच्या शुल्कावर कमाल मर्यादा आहे. आपल्या यजमानांना स्वीडिश येत नसताना कारखान्यातील पर्यवेक्षकाचे काम मिळणे कठीण जाईल, हे आधीच मान्य करून निघावे. नगरपालिकेचे भाषावर्ग मोफत असतात. बोरोस या शहरात कापड उद्योग आणि वस्त्रविद्येचे विद्यापीठीय शिक्षण आजही आहे, तेव्हा चौकशी अवश्य करावी. स्टॉकहोम, उप्साला आणि लुंड येथे भाड्याचे घर मिळणे ही मोठीच डोकेदुखी आहे, म्हणून नेमणूकपत्र हाती येताच, विमानाचे तिकीट काढण्याआधी, विद्यापीठाच्या निवास कार्यालयाला लिहावे.

उत्तर : होटगी रोड, सध्या उप्साला

नॉरशोपिंगच्या ताईंनी मारी क्युरीचा मार्ग सांगितला हे फार चांगले झाले, कारण प्राध्यापकांना ई-मेल लिहिण्याचे खरे प्रयोजन तेच आहे. ‘मला पद द्या’ असे लिहिले तर त्यांच्याकडे देण्यासारखे काही नसते. ‘सप्टेंबरच्या फेरीसाठी आपल्यासोबत प्रस्ताव लिहू इच्छिते’ असे लिहिले तर त्यांना होय किंवा नाही म्हणता येते. ई-मेल दहा-बारा ओळींचा असावा. सुरुवातीला त्यांच्या एखाद्या अलीकडील निबंधातील नेमका मुद्दा, मग सांडपाण्यावरील आपल्या मोजमापांतून त्या मुद्द्यावर काय नवे सांगता येते ते, आणि शेवटी प्रस्तावाची कल्पना तीन ओळींत. ‘आदरणीय महोदय’ लिहिण्याची तेथे रीत नाही. विद्यार्थीसुद्धा प्राध्यापकांना पहिल्या नावाने संबोधतात, आणि तसे लिहिण्याने कोणाचाही अनादर होत नाही.

वेळेचेही भान ठेवावे लागते. जुलै महिन्यात जवळजवळ सारा देश सुट्टीवर असतो, नाताळाच्या सुमारासही तीच स्थिती. त्यामुळे सप्टेंबर २०२६ साठी यजमान प्राध्यापक शोधण्याचे काम जानेवारी ते एप्रिल या काळात उरकावे, कारण बरीच विद्यापीठे वसंत ऋतूतच इच्छुक उमेदवारांकडून प्राथमिक माहिती मागवतात आणि प्रस्ताव लेखनाच्या कार्यशाळा घेतात. तोवर नोव्हेंबरच्या जाहिरातींना अर्ज करत राहावे. निकाल यायला दोन-तीन महिने सहज लागतात, म्हणून उत्तर नाही आले तरी पुढचा अर्ज थांबवू नये.

मुलाखत ऑनलाइन होते. आधी स्वतःच्या कामावर पंधरा-वीस मिनिटांचे सादरीकरण, मग प्रश्न. अमुक प्रयोग फसला तेव्हा आपण काय केले, हा प्रश्न मी बसलो त्या प्रत्येक मुलाखतीत विचारला गेला आहे, तेव्हा त्या जुळणीतले नोझल तुंबण्यापासूनचे सगळे बारकावे आठवून ठेवा. अर्जपत्राचा मसुदा झाला की नाव, पत्ता आणि जन्मतारीख काढून येथे टाका. मी आणि नॉरशोपिंगच्या ताई, आम्ही दोघेही वाचून अटींशी ताडून पाहू.